चरायला गेलेले फोन

१

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीचे फोन खिंडीतून चरून परत आले, आणि संघर्षच्या फोनात त्याच्या बहिणीची मार्कशीट होती.

फोन चरतात म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. तळेघरच्या खालच्या अंगाला आमची वाडी. चारी बाजूंनी डोंगर, रेंजचं नाव नाही. रेंज मिळते ती वर खिंडीत, हिरड्याच्या झाडाखाली, तीही एका ठरावीक फांदीपाशी. म्हणून रोज सकाळी शेजारचा पप्पू दुधाचे कॅन घेऊन गाडीवर निघाला की वाडीतले फोन एका कापडी पिशवीत टाकून त्याच्याकडं देतात. तो पिशवी फांदीला अडकवतो, दूध घालून येतो, येताना काढून आणतो. तोवर यायचं ते सगळं फोनात येऊन बसलेलं असतं. फोन कुठंय असं कुणी विचारलं तर आमच्यात सांगतात, चरायला गेलाय.

मी रत्ना. भागुजीदादाची धाकटी बहीण, त्याच्या संघर्ष आणि प्रतीक्षा या पोरांची आत्या. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. गेल्या वर्षी रिटायर झाले, पण मंचरच्या जुन्याच खोलीत राहते, दिवाळीच्या सुट्टीत भात काढायला वाडीत येते. तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच अजून माझ्याजवळ असतो. मशीन आली तसं त्याचं काम संपलं, पण डोकं चालू लागलं की हात त्याच्याकडं जातो आणि टिक टिक सुरू होते. वहिनी ओरडते, पण हाताला कोण समजावणार?

तर ती मार्कशीट. भाची प्रतीक्षा अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वर्षभर इन्स्टावर कुणीतरी ‘प्रतीक्षाचं खरं रूप’ नावाचं पेज चालवत होतं. तिचे पुढं आलेले दात, तिची बोली, ओढणीचं भोक, एकेक फोटो टाकायचा आणि खाली घाण लिहायचं. चारशे पोरं ते चवीनं बघायची. आता तिथं दोन विषयांत नापास झाल्याचा कागद झळकला होता. खाली ओळ होती, ‘बापाला सांगितलं का गं?’

बापाला सांगितलं नव्हतं. दादानं फोनात बघितलं आणि विळा घेऊन भाताच्या खाचरात गेला. प्रतीक्षानं पुस्तकं पत्र्याच्या पेटीत भरली, कुलूप घातलं, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. म्हणाली, सोमवारपासून परीक्षा आहे, मी जाणार नाही, कॉलेज संपलं. त्यानंतर ती जेवली नाही. ती विहिरीकडं निघाली की वहिनी हातातलं काम टाकून मागं जायची. का, ते आम्ही कुणी तोंडानं बोललो नाही.

दुपारी संघर्षनं पप्पूला गाठलं. सुट्टी लागल्यापासून त्या पेजवरची प्रत्येक पोस्ट सकाळी आठ चाळीसच्या आसपास पडत होती. त्या वेळी वाडीतलं एकच माणूस रेंजमध्ये असतं. संघर्षनं एक शब्द विचारला नाही. पप्पूचा पुढचा दात दुधाच्या कॅनवर जाऊन पडला.

२

मी पप्पूच्या घरी गेले तेव्हा तो ओठाला हळद लावून ओट्यावर बसला होता. त्याची आई माझ्याकडं बघेना. तीस वर्षांचा शेजार, आणि तिनं मला बस म्हटलं नाही. मला ते लागलं.

मी सरळ विचारलं, तुझं हिच्यावर मन होतं ना?

“व्हतं,” पप्पू म्हणाला. “मागल्या साली मेसेज केला. तिनं नाय म्हणलं. विषय संपला, आत्या. नाय म्हणलं म्हणून घाण टाकायला मी काय भिकार हाय व्हय?”

बसमध्ये फुकट जायला बघणारा माणूस मी दारातच ओळखायचे. तो नजर चुकवतो किंवा उगाच जास्त रोखून बघतो. पप्पू दोन्ही करत नव्हता. आणि मग मला आठवलं. भाऊबीजेला मी मंचरहून येत होते. घोडेगावच्या स्टँडवर आमची गाडी थांबली तेव्हा पप्पू समोरच्या गाडीच्या दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात साडीचं पुडकं. येडगावला बहिणीकडं निघाला होता. तेव्हा स्टँडच्या घड्याळात पावणेनऊ व्हायला आले होते. त्या दिवशीही आठ बेचाळीसला पोस्ट पडली होती. गर्दीच्या गाडीत चढण्यासाठी धक्के खाणारा माणूस पोस्ट टाकत नसतो.

मग त्या दिवशी पिशवी कुणी नेली? पप्पू म्हणाला, भागुजीकाकांनी. आता आमच्या दादाला फोन उचलता येतो, ठेवता येतो, त्यापुढं त्याची विद्या नाही.

“आत्या, आणिक एक,” पप्पू म्हणाला. “संध्याकाळी घरात मेसेज लिवला तर जात न्हाई, अडकून बसतो. सकाळी फोन हिरड्याखाली गेला की आपसूक सुटतो. पोस्टचंबी तसंच हाय. पिशवी नेणाऱ्याला कायबी करावं लागत न्हाई.”

मी ओट्यावर बसून राहिले. म्हणजे वेळ खिंडीतली होती, पण हात वाडीतला होता.

३

शनिवारी सकाळच्या गाडीनं अश्विनी आली. प्रतीक्षाची कॉलेजातली मैत्रीण, अवसरीचीच, वर्षभर एकमेकींच्या ताटात जेवणाऱ्या. प्रतीक्षाचं हॉल तिकीट घेऊन आली होती, सोमवारी सोबत न्यायचं म्हणून. संघर्षनं तिला दारातच अडवलं. नापास झाल्याचं तुलाच माहीत होतं, तूच टाकलं असशील, म्हणाला. 

मी तिला परसात घेऊन गेले. ती रडत रडत सांगत राहिली. त्या पेजवर कुणी काही टाकलं की ही चारशे जणांशी भांडायची. प्रतीक्षाच्या वाट्याच्या शिव्या स्वतः खायची. पोस्ट पडली की प्रतीक्षा तिच्या गळ्यात पडायची, मग रात्रभर ही तिला समजावायची. यात हिची एक परीक्षा बुडता बुडता राहिली.

मी विचारलं, हे सुरू कधी झालं? तर म्हणाली, पेज नंतर निघालं, आधी एक रील आली होती. गेल्या वर्षी, कॉलेज लागल्या लागल्या. प्रतीक्षा इंग्रजीत स्वतःची ओळख सांगते, एका शब्दावर अडकते, तोच शब्द तीनदा म्हणते, जीभ चावते. कुणीतरी तेवढाच तुकडा, नुसत्या चेहऱ्याचा, कापून तिला गाढवाचे कान लावले होते, वर मोठं गाणं. दोन लाख लोकांनी बघितली.

तिनं फोनमध्ये ठेवलेली ती रील लावली. कान हलायला लागले तसं माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, बंद कर ते, मला नाही बघवत.

“पोरं अजून विसरली नाहीत, आत्या. ती वर्गात शिरली की सगळे पेनाची बटणं दाबतात, टिक टिक, टिक टिक. सरांनासुद्धा कळत नाही, कशासाठी ते.”

का दाबतात, मी विचारलं. अश्विनी म्हणाली, रीलमध्ये मागं तसं वाजतं म्हणून. मी मनाशी म्हटलं, घड्याळ असेल. देवाशप्पथ सांगते, एवढंच म्हटलं.

अश्विनीवर माझा संशय राहिला नाही. तिच्या घरी अष्टौप्रहर रेंज. ती काय म्हणून रोज आठ चाळीसची वाट बघेल? जो आमच्या पिशवीवर अवलंबून आहे, तोच त्या वेळेत अडकतो. मी सगळ्यांना सांगून टाकलं, उद्या संध्याकाळी नाव सांगते. आणि ज्यानं विश्वासघात केलाय त्याला मी असा सोडणार नाही, हेही जोरात सांगितलं.

४

पिशवीत रोज पाच फोन जायचे. तीन बटणांचे, त्यात नुसतं बोलता येतं. टचचे दोनच, संघर्षचा आणि प्रतीक्षाचा. माझाही टचचा, पण तो मी पिशवीत देत नाही.

संघर्ष दोनदा पोलीस भरतीत मागं पडला होता. घरात सगळं बहिणीचं कौतुक, हा पहाटे उठून धावतो त्याची दखल कुणी घेत नव्हतं. पेटीतली मार्कशीट त्याच्या हाताला लागू शकत होती. खळ्यावर भात झोडताना मी त्याला हे तोंडावर विचारलं. त्यानं पेंढी खाली टाकली.

“आत्या, मी तिच्यावर जळतो. खरंय,” तो म्हणाला. “पण माझा फोन दिवाळीच्या आधी चार दिवस घोडेगावला दुकानात व्हता, काच फुटली म्हणून. त्या चार दिवसांतबी पोस्टी पडल्याच की. इचार दुकानदाराला.”

विचारायची गरज नव्हती, नवी काच दिसत होती. संघर्ष तिथून गेल्यावर मी हिशोब केला. दोन फोनांतून एक गेला.

मी घरात आले, तिच्या शेजारी बसले, विचार करता करता हात पंचाकडं गेला. टिक टिक. प्रतीक्षानं दोन्ही कान दाबले आणि तोंड भिंतीकडं केलं. डोकं दुखत असेल म्हणून मी पंच खिशात टाकला. तिच्या फोनाला कोण हात लावतं, असं मी तिला विचारलं. कुणी नाही, म्हणाली. फोन उघडायचा आकडा कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं तिथंच उलगडा केला असता. मी केला नाही. जिला न्हाऊमाखू घातलं, अकरावी-बारावीची दोन वर्षं माझ्या खोलीत ठेवून शिकवलं, तिच्याबद्दल असा विचार करायला माझं मन तयार होईना.

५

रविवारी पिशवी मी नेली, चालत. पप्पूनं न्यायला नकार दिला होता आणि त्याचं बरोबर होतं.

हिरड्याखाली बसून मी चार फोन फांदीला लावले. प्रतीक्षाचा हातात धरला. आठ पस्तीस. काही नाही. आठ अडतीस. मी मनात म्हणत होते, नको वाजू. आठ एकोणचाळीसला फोन माझ्या मुठीत थरथरला आणि काचेवर अक्षरं आली, तुमची पोस्ट प्रसिद्ध झाली आहे.

ते पेज कसं उघडायचं ते अश्विनीनं मला शिकवून ठेवलं होतं. उघडलं. आमच्या घरातली पत्र्याची पेटी, तिचं कुलूप, पुढं एका तळहातावर काळ्या दोऱ्यातली किल्ली. खाली लिहिलं होतं, ‘हरली. आता येणार नाही.’

तो दोरा चोवीस तास जिच्या गळ्यात होता, तिचाच तो हात.

मी खिंडीत बसून रडले. आधी राग आला, मग दुसरं काही आलं. एका पोराचा दात गेला, एका पोरीवर आळ आला, दादा दोन दिवस मान वर करून चालला नाही, आणि ही भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. आम्ही सगळे तिच्यासाठी जिवाचं रान करत होतो आणि ती आम्हाला खेळवत होती असं वाटलं. उतार मी कसा उतरले ते आठवत नाही.

६

ती खाचराच्या बांधावर एकटी बसली होती. मी फोन तिच्या मांडीवर टाकला. तिला सांगावं लागलं नाही.

“संघर्षनं पप्पूला मारलं तेव्हा तुझी वाचा बसली होती?” मी विचारलं.

“बोलायचं होतं. तोंडच उघडेना.” ती बारीक आवाजात बोलत होती. “आत्या, रील मी नव्हती टाकली. ती आल्यावर महिनाभर मी रोज उठून बघायचे, आज कोण काय टाकतंय. ते वाट बघणं लई वाईट. मग मीच पेज काढलं. आपलं आपण आधीच बोलून टाकलं की दुसऱ्याला बोलायला काही राहत नाही. आणि पोस्ट टाकली की अश्विनी माझ्याजवळ बसायची. एरवी तिला तिचा अभ्यास. मी दर वेळी ठरवायचे, ही शेवटची. हात जायचाच.”

माझा राग कुठं गेला कळलं नाही. पण त्याला ठेवायला जागा हवी होती. मी म्हणाले, ती पहिली रील ज्यानं केली त्याचं नाव सांग, त्याला मी फाडून खाते. आणि हात आपोआप खिशात गेला. टिक टिक.

प्रतीक्षा माझ्या हाताकडं बघत राहिली.

“रील कुणी केली माहीत नाही,” ती म्हणाली. “व्हिडिओ कुणी दिला ते माहीत आहे. पंच ठेव ना, आत्या.”

बावीस वर्षं दुसऱ्यांचे चेहरे वाचले मी. माझ्या स्वतःच्या पंचाचा आवाज मला ओळखू आला नव्हता. मंचरची खोली, गेल्या वर्षीचा पावसाळा. उद्या कॉलेजात ओळख सांगायची म्हणून ही ओट्यापाशी उभी राहून पाठ करतेय. माझ्या एका हातात फोन, त्यात मी व्हिडिओ काढतेय, दुसऱ्यात पंच. अडखळली, जीभ चावली, हसली आणि म्हणाली, आत्या, कुणाला दाखवू नको हं. मी हो म्हणाले. आणि ती झोपल्यावर स्टेटसला लावला, ‘आमची इंजिनिअर’. डेपोतल्या लोकांनी बघावा म्हणून. सगळ्यांना कळावं, कंडक्टरची भाची इंग्रजी बोलते म्हणून. चोवीस तासांनी स्टेटस गेला, मी विसरून गेले. कुणीतरी तो उचलून ठेवला होता.

“तुला पहिल्यापासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. वाजतंय ना मागं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू किती खूश होतीस,” प्रतीक्षा म्हणाली.

७

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत सगळे अंगणात जमले. दादा, वहिनी, संघर्ष, अश्विनी आणि त्याची आई नको म्हणत असताना आलेला पप्पू. मी जोरजोरात सांगितलं होतं, नाव घेणार म्हणून. पोरीचं नाव घ्यावं तर ती सोमवार बघेल की नाही याची मला भीती, न घ्यावं तर पप्पूवरचा आळ तसाच.

मी आधी माझं नाव घेतलं. स्टेटस, दिलेला शब्द, सगळं सांगितलं. विश्वासघात करणाऱ्याला सोडणार नाही म्हणाले होते, ती मीच आहे, म्हणाले. रत्ने, असं दादा पुटपुटला. पुढचं मला बोलवेना.

तेव्हा प्रतीक्षा उठली. पेज माझं आहे, म्हणाली. पोस्टी माझ्या. पप्पूनं काही केलं नाही, अश्विनीनं काही केलं नाही. फोन कसा सकाळी पोस्ट सोडायचा, मी त्याचा कसा फायदा घेतला, सगळं उभ्यानं सांगितलं. 

 संघर्ष पप्पूजवळ जाऊन खाली मान घालून उभा राहिला. अश्विनी उठून परसात गेली, तिच्या मागं जायची माझी हिंमत झाली नाही. पप्पू म्हणाला, माफ करायचं का न्हाई ते मी नंतर बघीन, तू आधी पेपर दे.

दादा शेवटी बोलला. “नापास झालीस त्याचं काय न्हाई. मला सांगाया भ्यालीस, येवढा वाईट बाप हाय व्हय मी?” त्यानंतर तो रडला आणि ती त्याच्या पायाशी बसून जेवली.

रात्री निजण्याआधी तिनं गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली, पुस्तकं बाहेर घेतली. मी पंच तिच्या हातात दिला. तिनं तो पेटीत ठेवला, वर कुलूप घातलं आणि किल्ली वहिनीकडं दिली.

सोमवारी पहिल्या गाडीला आम्ही तिघी होतो. अश्विनी पुढच्या सीटवर एकटी बसली, एकदाही वळली नाही. खिंडीत हिरड्यापाशी गाडी हळू झाली तसं प्रतीक्षानं फोन काढला, पेज उघडलं, डोळे मिटून काढून टाकलं. कंडक्टर नवीन पोरगी होती. तिनं हातातली अंगठी दांडीवर वाजवली, टिक टिक. प्रतीक्षा दचकली. माझा हात खिशात गेला, खिसा रिकामा होता.

मी तिचा हात धरायला गेले, तिनं धरू दिला नाही. घोडेगाव गेलं, मंचर आलं. उतरायच्या आधी तिनं खिडकीबाहेर बघतच सांगितलं, पेपर एक वाजता सुटतो.

मी म्हणाले, गेटवर थांबते.

“फोन नको आणू,” ती म्हणाली.